ग्रुपवर एकशे चाळीस, तलावावर सहा

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दोन वर्षांपूर्वी पक्षी सप्ताहात काढलेल्या फेरीतून आमचा पक्षीमित्र गट उभा राहिला. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर १४० जण आहेत, पण रविवारी तलावावर सहाच येतात. पावसाळ्यात तर कोणीच फिरकत नाही. गेल्या जानेवारीत एका सदस्याने जुन्या दगडखाणीतल्या शृंगी घुबडाच्या घरट्याचा फोटो नेमक्या ठिकाणासह टाकला आणि पुढच्या रविवारी तिथे कॅमेरेवाल्यांच्या गाड्या लागल्या. त्यावरून गटात दोन तट पडलेत. आता नगरपरिषद आमच्या तलावाचं सुशोभीकरण करणार आहे: भिंत, फिरायला ट्रॅक, दिवे, बोटिंग. काही जण म्हणतात, आधी संस्था नोंदवा, मगच कोणी ऐकेल. काही म्हणतात, ते राहू दे, माळावर झाडं लावू. सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका

ताई,

सहा हा आकडा लहान नाही. ग्रुपवरचे एकशे चाळीस प्रेक्षक आहेत, त्यांना प्रेक्षक राहू द्या. गट पाच-सात माणसांच्या जोरावरच चालतो आणि ती तुमच्याकडे आहेत. अडचण अशी की त्यांना काम नाही. दर रविवारी जायचं, दिसेल ते पाहायचं, फोटो टाकायचे, चहा पिऊन घरी यायचं. दोन वर्षांत तोच थापट्या, तोच शेकाट्या पाहून कोणीही कंटाळेल. तेव्हा सुरुवात तलावाच्या मासिक गणनेपासून करा. रोज भेटण्याचा, साप्ताहिक सहलीचा सगळा हट्ट सोडा. महिन्यातला एक दिवस धरा, समजा दुसरा रविवार, आणि त्या दिवशी ऊन असो, लग्नाची तिथी असो, तलाव कोरडा असो, गणना होणारच. नगरपरिषदेपुढे उभं राहायलाही हेच आकडे लागणार आहेत.

गणना म्हणजे काठाने चालत जाऊन दिसेल ते लिहिणं, असं करू नका. तसं केल्याने दर महिन्याचा आकडा वेगळ्या वाटेचा आणि वेगळ्या वेळेचा येतो, मग त्याची तुलना कशाशीच करता येत नाही. आधी एक सकाळ नुसती जागा ठरवण्यात घालवा. साठ-ऐंशी हेक्टरच्या तलावाला चार ते पाच जागा पुरतात. सकाळची गणना असेल तर जागा शक्यतो पूर्वेच्या काठावर घ्या, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. पश्चिम काठावरून सकाळी पाहिलं तर पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात आणि चक्रांग कोणता, थापट्या कोणता हे सांगता येत नाही. प्रत्येक जागेवर दगडाला रंगाने क्रमांक घाला, मोबाइलवर ठिकाण जतन करा आणि तिथून दिसणाऱ्या दृश्याचा एक फोटो काढून ठेवा. मग पाण्याचे भाग पाडा. भागांच्या सीमा लांबूनही ओळखू येतील अशा असाव्यात: एकटी बाभूळ, पंपघर, देवळाचं शिखर. पहिल्या जागेवरच्यांनी बाभळीच्या डावीकडचं मोजायचं, दुसऱ्यांनी बाभूळ ते पंपघर. सीमा नसल्या की मधला थवा दोघेही मोजतात. तो प्रकार इतका सर्रास होतो की एकूण आकडा फुगला तर पहिला संशय याचाच घ्यावा.

प्रत्येक जागेवर दोघे. एकाने दुर्बीण डोळ्याला लावून बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजणाऱ्याने दुर्बीण खाली करून स्वतः लिहायला घेतलं की थव्यातली जागा हरवते. सगळ्या जागांवर एकाच वेळी सुरुवात करा. हिवाळ्यात सातची वेळ ठीक, त्याआधी धुकं असतं. एका जागेवर वीस मिनिटं द्या. उठून जातील अशांना आधी मोजा: उघड्या पाण्यावरची बदकं. मग चिखलावरचे तुतवार, टिलवे, मळगुजे. वंचक, खंड्या, पाणकावळे शेवटी. ते कुठे जात नाहीत. मोजताना एखादा थवा उडून दुसऱ्या भागात गेला तर दिशा आणि वेळ लिहा, फोनवर पलीकडच्यांना कळवा आणि तो एकाच कागदावर ठेवा.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजा, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि तेच माप पुढे पुढे टाकत जा. पाचशेच्या वरचा थवा असेल तर पन्नासाचं माप घ्या. नवखा माणूस घट्ट बसलेला मोठा थवा बहुतेक कमीच मोजतो. म्हणून सुरुवातीचे चार-सहा महिने दोघांनी स्वतंत्र अंदाज करावा, एकमेकांना न सांगता लिहावा आणि मग ताडून पाहावा. चौथा हिस्सा किंवा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. कागदावर एकच आकडा यावा. ‘शेकडो’, ‘खूप’, ‘४००-६००’ असं लिहू नका. पक्षी ओळखता आला नाही तर ‘अनोळखी बदक ४०’ लिहायला लाजू नका. जबरदस्तीने ठेवलेलं नाव पुढे पाच वर्षं यादीत राहतं. मर्लिनसारखं ॲप नाव सुचवतं, तेवढाच त्याचा उपयोग. त्याने सुचवलं म्हणून यादीत नवा पक्षी चढवायचा नाही.

आता ज्या रकान्याकडे सगळे दुर्लक्ष करतात तो: पाण्याची पातळी. तलावाच्या भिंतीपाशी किंवा विमोचकाजवळ (पाणी सोडायच्या दारापाशी) मोजपट्टी असते, तिचा आकडा लिहा. पट्टी बुजली असेल तर एक ठरलेला दगड धरा आणि पाणी त्याच्यापासून किती खाली गेलं ते मोजा. सोबत त्या दिवशी जाळी होती का, गाळपेरीला (पाणी उतरलेल्या तळावरच्या पेरणीला) किती शेतं लागली, पंप किती चालू होते, मोकाट कुत्री होती का, हेही. कारण जानेवारीत नऊशे बदकं आणि फेब्रुवारीत दोनशे, असा आकडा आला तर पहिला प्रश्न येतो, ‘का?’. पाणी उतरलं म्हणून, की कोणी हुसकावलं म्हणून? पातळी लिहिलेली नसेल तर तुमच्याकडे उत्तर नाही आणि समोरचा अधिकारी खांदे उडवतो.

संध्याकाळपर्यंत नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर, चढवा. प्रत्येक जागेची वेगळी यादी, प्रकार ‘स्थिर’, दिसलेल्या सगळ्या जातींची, आकड्यांसह. यादी एकानेच करायची आणि सोबतच्यांना तिथूनच वाटायची सोय आहे, ती वापरा. नाही तर चौघे जण तीच दोनशे बदकं चार वेगळ्या याद्यांत भरतात. कागद फेकू नका. फाईल करून ठेवा. ज्याच्या खात्यावर याद्या आहेत तो नोकरीसाठी पुण्याला गेला की गटाकडे काही उरत नाही, असं पुष्कळ गावांत झालंय. जानेवारीतली गणना आशियाई पाणपक्षी गणनेच्या काळातच येते. ही गणना १९८७पासून चालू आहे आणि भारतात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिच्या समन्वयात असते. तुमचा तलाव तिथे नोंदवून घ्या. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेचे चार दिवस असतात. त्यात पंधरा मिनिटांची यादीही चालते, म्हणून तो नवख्यांसाठी आणि शाळांसाठी राखून ठेवा.

नवख्यांना गणनेला आणू नका. त्यांची फेरी वेगळी ठेवा, चौथ्या रविवारी. बारा ते पंधरा जण, त्याहून जास्त नाहीत. एक जाणकार पुढे, एक मागे. दोन तास पुरेत. पंधराच्या वर माणसं गेली की मागच्यांना पक्षी उडाल्यावरच कळतं आणि ते गप्पा सुरू करतात. पक्षी दाखवताना ‘ते बघ, त्या झाडावर’ याचा काही उपयोग नाही. झाडाला घड्याळ समजायला शिकवा: ‘दुसरी बाभूळ, दोन वाजता, वाळक्या फांदीवर’. मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी, भिंतीच्या दगडी पिचिंगवर चढायला बंदी, आणि अत्तर-सेंट लावून न येण्याची सूचना. धरणाच्या भिंतीवर, विमोचकाच्या मनोऱ्यावर आग्या मोहोळ असतं आणि कोणीतरी खडा मारतोच. भिंतीजवळ फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तेव्हा शाखा अभियंत्याला आधी पत्र द्या.

दुर्बीण: गटासाठी ८×४२च्या दोन घ्या. साधारण आठ-दहा हजारांत चालेल अशी मिळते. झूम असलेल्या दुर्बिणींच्या आणि रस्त्यावर मिळणाऱ्या लाल काचांच्या नादी लागू नका. १०×५० हातात जड, नवख्याचा हात थरथरतो आणि पक्षी हलताना दिसतो. नवीन माणसाला दुर्बीण दिल्यावर आधी ती जुळवून द्या: उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची, चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी कडी खाली करायची. निम्मे लोक ‘मला दुर्बिणीतून दिसतच नाही’ म्हणतात ते एवढं न केल्यामुळे. पावसाळ्यात दुर्बीण पिशवीत कोंबून ठेवलीत तर सप्टेंबरात भिंगांना बुरशी आलेली दिसेल. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचे दाणे रंग बदलले की तापवून घ्या.

पावसाळ्यात कोणी येत नाही कारण तलावावर बघण्यासारखं कमी असतं, हे खरं आहे. त्या महिन्यांत गणना चालू ठेवा, पण माणसांना तलावावर बोलावण्याऐवजी विहिरींकडे पाठवा. सुगरणीच्या वसाहती मोजायचं काम याच दिवसांतलं. विहिरीवर झुकलेल्या बाभळी, शिंदीची झाडं, ओढ्याकाठ. प्रत्येक झाडामागे एकूण घरटी, त्यातली अर्धवट किती, नळी लागलेली किती. जुलैच्या अखेरीस एकदा आणि सप्टेंबरात एकदा. हे काम दुर्बिणीशिवाय होतं, शेतकरी कुटुंबं आपणहून माहिती देतात आणि महाविद्यालयातल्या मुलींना आपल्याच शिवारात करता येतं, पालकांची कुरकुर राहत नाही. पहिला चातक कोणत्या तारखेला ऐकू आला, पहिला धोबी पक्षी कधी दिसला, पहिल्या भोरड्या कधी उतरल्या, एवढी तीन तारखांची वहीही ठेवा. ग्रुपवरच्या एकशे चाळीस प्रेक्षकांना यात भाग घेता येतो आणि घेतातही.

घुबडाच्या प्रकरणात तुमचा जो तट ‘ठिकाण टाकायला नको होतं’ म्हणतो, त्याच्या बाजूने आम्ही आहोत, आणि यात मधला मार्ग काढू नका. शृंगी घुबड कपारीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतं. दिवसा माणूस जवळ गेला की मादी उठते, आणि उजेडात बाहेर आलेल्या घुबडावर कावळे तुटून पडतात. इकडे अंडी उन्हात राहतात. पिल्लं उडता यायच्या आधीच घरट्यातून चालत बाहेर पडतात आणि खाणीत इकडेतिकडे बसून राहतात, त्यांच्यावर पाय पडण्याचीही भीती. शिवाय दिवाळीच्या सुमाराला घुबडांना जादूटोण्यासाठी पकडणारे असतात, त्यांना नकाशावरची खूण आयती मिळते. कायद्याचं बोलायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली शिकारीची व्याख्या पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करण्यापर्यंत जाते. हे वाक्य छापून ग्रुपच्या माहितीत टाका, धमकी म्हणून नव्हे, नियमाला आधार म्हणून.

नियम तीन-चार ओळींत बसले पाहिजेत. घरटं, पिल्लं आणि घुबडाची दिवसाची बसायची जागा यांचे फोटो हंगाम संपल्याशिवाय टाकायचे नाहीत. ठिकाण तालुक्यापलीकडे बारीक सांगायचं नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. ड्रोन नाही. फोटोत ठिकाणाची माहिती आपोआप जाते, तेव्हा कॅमेऱ्यातलं आणि मोबाइलमधलं ठिकाण बंद करायला शिकवा. मोडणाऱ्याला पहिल्यांदा खासगीत फोन, दुसऱ्यांदा तीन महिने ग्रुपबाहेर. फोटोवाल्यांना दुखवायचंही कारण नाही: त्यांच्या लांब भिंगांनी अभ्यासासाठी पायात कडी किंवा रंगीत पट्टी घातलेल्या पक्ष्यांची नोंद छान होते, आणि दुर्बिणीत न ओळखलेला चिखल्या फोटोवरून घरी ओळखता येतो. त्यांना गणनेत ‘ओळख पटवणारा’ म्हणून जागा द्या. ग्रुपही दोन करा. एकात फक्त तीन जण लिहिणार: तारीख, जागा, वेळ. दुसऱ्यात सुप्रभातची फुलं, सगळं चालू दे.

खाणीच्या मालकाला मात्र जाऊन भेटा. ती खाण पुन्हा सुरू होणार असेल, तर डिसेंबर ते एप्रिल त्या एका कड्याला हात लावू नका एवढीच विनंती करा. लोक ऐकतात.

आता तलाव. इथे घाई आहे, म्हणून जरा सविस्तर.

तलावाचा मालक कोण ते आधी शोधा. सातबारा काढा, तलाठ्याला विचारा. जलसंपदा, मृद व जलसंधारण, जिल्हा परिषद लघु पाटबंधारे, नाही तर खुद्द नगरपरिषद, यांपैकी कोणीतरी असेल. मालक दुसरा असेल तर नगरपरिषदेला त्यांचं ना-हरकत लागणार, आणि तुमचं पत्र दोन्हीकडे गेलं पाहिजे. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सविस्तर प्रकल्प अहवाल, नकाशा आणि कामाचा कालावधी मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. बातमीत वाचलेल्या आराखड्यावर आक्षेप घेऊ नका. नकाशात भिंत दुसऱ्याच काठाला असते आणि पहिल्याच बैठकीत तुमचं हसं होतं.

पाणथळ नियमांचा आधार घ्यायचं कोणीतरी सुचवेल. जपून. २०१७च्या पाणथळ जागा नियमांतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. तुमचा तलाव सिंचनाचा असेल तर ते हत्यार चालणार नाही आणि ते उगारून तुम्ही विश्वास गमवाल. त्याऐवजी नगरपरिषदेची जैवविविधता व्यवस्थापन समिती गाठा. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे ती असायलाच हवी, आणि लोक जैवविविधता नोंदवही तिनेच करायची असते. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि नोंदवही कोणीतरी बाहेरून लिहून दिलेली. तुमच्या गणनेचे तक्ते त्या नोंदवहीत घालून द्या. मग तलावाचे पक्षी हा नगरपरिषदेचाच दस्तऐवज होतो.

‘काम रद्द करा’ म्हणू नका. गावाला फिरायला जागा हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. नकाशा घेऊन जा, त्यावर काठाचे तीन भाग रंगवा आणि चारच गोष्टी मागा.

पहिली, भिंत गावाकडच्या काठालाच. तलावात ओढा येऊन मिळतो तो उथळ काठ तसाच उतरता राहू द्या. याचा हिशेब अभियंत्याला त्याच्या भाषेत सांगा: काठाचा उतार वीसास एक असेल तर पाणी एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर उतरलं की सहा मीटर रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. तुतवार, टिलवे, कंठेरी चिखल्या त्या पट्ट्यावर जगतात, आणि थापट्या, चक्रांग, तलवार बदक त्याच्या लगतच्या फूटभर पाण्यात चरतात. उभी भिंत बांधली की पाणी कितीही उतरलं तरी तो पट्टा शून्य. दगडी भिंतीचा तलाव भरलेला दिसतो आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तो मोठा हौद असतो. या एका मुद्द्यावर अडून राहा, बाकीच्यांत देवघेव करा.

दुसरी, ट्रॅक. तलावाभोवती पूर्ण गोल ट्रॅक हा ठेकेदाराचा आवडता आराखडा. एक-तृतीयांश काठ सुटला पाहिजे. तेवढ्याने फिरणाऱ्यांचं काही अडत नाही, जाऊन परत येता येतं. उथळ बाजूला न्यायचाच असेल तर पाण्यापासून पन्नास मीटर मागे, मध्ये करंज-निरगुडीसारख्या झुडपांचा आडोसा. दिवे कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर, आणि दहा वाजता बंद.

तिसरी, कामाची वेळ. जलपर्णी काढायची असेल तर फेब्रुवारी ते मे. जूनपासून कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली पाण्यावरच्या वनस्पतींत घरटी करतात, तेव्हा यंत्र घातलं की सगळं जातं. काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवली तर पहिल्या पावसात ती परत पाण्यात. दूर नेऊन टाकण्याचं कलम निविदेत घालायला सांगा. पाणकणीस मात्र ठेवा, जलपर्णी आणि पाणकणीस एकच समजून दोन्ही उपटतात. गाळ काढायचा असेल तर वेगळी खबरदारी: उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावर टिटवी, आर्ली, कंठेरी चिखल्या आणि कधी नदी सुरय अंडी घालतात. अंडी खड्यांत मिसळून गेलेली असतात, जेसीबीवाल्याला दिसणं शक्यच नाही. यंत्र यायच्या दोन दिवस आधी तुमच्या सहा जणांनी एका रांगेत, पाच-पाच मीटर अंतराने, सकाळी आठच्या आत तळ पालथा घालावा. घरटं सापडलं की त्यावर नव्हे, त्याच्यापासून दहा पावलांवर काठी रोवा. घरट्यावरच खूण केली तर कावळ्याला आणि कुत्र्याला पत्ता मिळतो. घरट्याभोवतीची तीस मीटर जागा महिनाभर सोडायची. टिटवीची अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात, आणि पिल्लं त्याच दिवशी चालू लागतात. गाळ मधून खोल खणा, काठ खरवडू नका, हेही लिहून द्या.

चौथी, बोटिंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, नाही तर भिंतीजवळ तरंगत्या पिंपांची दोरी बांधून तेवढ्याच भागात.

पत्र एका पानाचं. वर चार मागण्या, खाली एक तक्ता: महिना, पाण्याची पातळी, एकूण पक्षी, जाती. दोन वर्षांच्या नोंदी नसल्या तरी आहेत तेवढ्या द्या. आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गटातली सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात तरुण अशी दोन माणसं पाठवा, बारा जणांचा घोळका नको. आणि त्याआधी मच्छीमार सोसायटीच्या लोकांना भेटा. ते रोज पाण्यात असतात, भिंत आणि बोटिंग त्यांनाही नको असतं, आणि तुमच्या आधी पंचवीस वर्षांचा तलाव त्यांच्या डोक्यात असतो. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या तंगुसाच्या जाळ्यांत वारकरी हे पाणपक्षी आणि पाणकावळे अडकून मरतात; ती जाळी एक दिवस मिळून उचला. ‘तुम्ही पक्षी मारता’ असं म्हणत गेलात तर हे नातं पहिल्याच दिवशी तुटेल.

माळावर झाडं लावू नका. तुमच्या जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, यावरून तरी माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे हे गटाला पटायला हवं. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी गवतात आणि उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालतात. हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्री गवतात जमिनीवरच झोपतात. तिथे ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या केल्या की हे सगळे जातात आणि कावळे येतात, त्यांना बसायला जागा झालेली असते. झाडं लावायची हौस असेल तर ओढ्याकाठी आणि बांधावर: वड, उंबर, पिंपरण. चिमणीची घरटी वाटायची असतील तर छिद्र ३२ मिलिमीटर, बाहेर बसायची दांडी नको, तळाला दोन भोकं, दुपारचं ऊन नको, उंची आठ-दहा फूट. टांगलेल्यांची यादी ठेवून वर्षाने किती लागली ते बघा. बघत नसाल तर वाटू नका.

संस्था नोंदणीची घाई नाही. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० प्रमाणे किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. त्यानंतर दर वर्षी हिशेब, लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हे करणारा एक माणूस गटात असेल तरच त्या वाटेला जा. पत्र द्यायला नोंदणी लागत नाही. तोवर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा किंवा तुमच्या महाविद्यालयाचा उपक्रम म्हणून काम करा. त्यांचं लेटरहेड, त्यांचं बँक खातं, त्यांची पावती. वर्गणी वर्षाला तीनशे धरली आणि तीस जणांनी दिली तर नऊ हजार होतात, एका दुर्बिणीपुरते. पैसे कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर गोळा करू नका, अगदी तुमच्याही. रक्कम किरकोळ असते, भांडण मोठं होतं.

जखमी पक्ष्याचे फोन तुम्हाला येतच असतील, विशेषतः संक्रांतीत. नायलॉन मांजावर २०१७पासून देशभर बंदी आहे तरी तो मिळतो. पक्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात ठेवायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, काही भरवायचं नाही, मांजा ओढून काढायचा नाही, पंखापासून वीतभर ठेवून कापायचा. आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. आपल्याकडचा पोपट घरी पाळणं हासुद्धा गुन्हाच आहे, हे गटातल्या दोघा-तिघांना हळूच सांगावं लागेल.

कामं आत्ताच चौघांत वाटा: गणना, नोंदी व फाईल, नवख्यांची फेरी, पत्रव्यवहार. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि दर जूनला कामांची अदलाबदल. तुम्ही शिक्षिका आहात, सगळं तुमच्यावर येईल. पत्रव्यवहार तेवढा घ्या.

पहिल्या गणनेला पाच जागा जमणार नाहीत. सहा माणसांत तीन जागा करा, ओढ्याकडची धरून, आणि उरलेल्या दोन जागांचे दगड रंगवून ठेवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बदकं फारशी आलेली नसतील, पाणी काठोकाठ असेल आणि कागदावर निम्मे रकाने रिकामे राहतील. पातळीचा आकडा मात्र लिहाच. मेमध्ये तो लागणार आहे.